सायक्लोस्टाइलची ओटी

मित्रांनो, मला जुनी म्हटलंत तर राग नाही. भंगार म्हणाल, तर मात्र माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकू नका. मी सायक्लोस्टाइलची मशीन आहे. रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्याच्या कडेला सरकारी मदतीवर चालणारं एक कॉलेज आहे, त्याच्या जिन्याखालच्या खोलीत माझा मुक्काम. तुम्ही मला ओळखणार नाही. तुम्ही बटण दाबता, आतून उजेड सरकतो आणि कागद गरम गरम बाहेर पडतो. माझ्या काळात कागद काढायला हँडल फिरवावं लागे, आणि जो फिरवील त्याची बोटं काळी होत. फुकट काही मिळत नसे.

माझं काम कसं चालतं ते आधी ऐका, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. मेण लावलेला एक पातळ कागद असतो, त्याला स्टेन्सिल म्हणतात. टाइपरायटरची फीत काढून त्याच्यावर अक्षरं ठोकायची. जिथं अक्षर पडलं तिथलं मेण निघतं. मग ती स्टेन्सिल माझ्या गोल ड्रमवर ताणून बसवायची. ड्रमच्या पोटात शाई. हँडल फिरवलं की कोरा कागद खालून जातो, आणि मेण निघालेल्या जागेतून शाई त्याच्यावर उतरते. एक स्टेन्सिल नीट सांभाळली तर पाचशे पानं देते. माझ्या अंगावर अक्षरं उलटी बसतात, कागदावर सरळ उतरतात. त्यामुळे लाखो पानं माझ्यातून गेली, पण मला त्यातलं एक वाचता आलं नाही. लाज कसली त्यात? पोळी लाटणाऱ्या लाटण्याला कुठं भूक लागते!

मी कलकत्त्याहून आले. लाकडी पेटीत, गवतात गुंडाळून. रायपूर स्टेशनातून कॉलेजपर्यंत सायकलरिक्षात बसून आले आणि सोबत मारोती नावाचा चपराशी होता. तो सगळ्या रस्त्यात पेटीवर हात ठेवून बसला, जशी नवी नवरी घरी आणावी तशी. छत्तीसगड वेगळं राज्य होईल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. आमचं सगळं मध्यप्रदेशात होतं आणि रायपूर म्हणजे तलावांचं, तांदळाच्या गिरण्यांचं, सायकलींचं गाव.

काय मान होता माझा! परीक्षेच्या दिवसांत माझ्या खोलीला कुलूप लागे आणि प्राचार्य स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसत. स्नेहसंमेलनाची पत्रिका माझ्याकडून, संपाची पत्रकं माझ्याकडून, आणि संप मोडायची नोटीसही माझ्याकडूनच. दोन्ही बाजूंचं मी सारख्याच मनानं छापलं. चांगल्या घरच्या बाईनं सगळ्यांना सारखं वाढावं.

मारोती गेला तेव्हा त्याची नोकरी त्याच्या बायकोला मिळाली. ती गोदूबाई. मित्रांनो, माझी खरी गोष्ट इथून सुरू होते.

गोदूबाई वर्धेकडची. शाळा दुसरीपर्यंत. पहिल्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहिली, कमरेला पदर खोचला आणि म्हणाली, "हे काय होय? पोळ्या लाटायची मशीन होय का?" बाबू लोक हसले. पंधरा दिवसांत हसणारे गप्प झाले. मारोतीनं फिरवलेलं हँडल जोरात चाले, पण गोदूबाईचं हँडल तालात चाले. जात्यावर बसलेली बाई कधी घाई करत नाही. तिनं छापलेलं शेवटचं पान पहिल्यासारखंच काळंभोर निघे. काम झालं की रॉकेलच्या फडक्यानं मला पुसायची, आणि पुसताना माझ्याशी बोलायची. घरच्या गोष्टी, मुलाच्या गोष्टी, कोणत्या प्राध्यापकाची बायको कोणाशी बोलत नाही तेही. कोणी हात न पुसता मला शिवलं की संपलं. एकदा गणिताचे सर पान उचलायला आले, तर त्यांना म्हणाली, "सर, भजे खाल्ले नं आत्ता? मंग दूर ऱ्हा. ते आपल्या घरची पोट्टी नाई, कोणाच्याबी हातानं जेवाले."

ते दिवस गेले. रस्त्यापलीकडे फोटोकॉपीचं दुकान निघालं. पोरं तिकडे पळू लागली, मग प्राध्यापक पळू लागले, मग कार्यालय. एक दिवस मला दोघांनी उचललं आणि जिन्याखाली ठेवलं. माझ्या डोक्यावर तीन पायांची खुर्ची आणि तिच्यावर कोणत्यातरी संमेलनाचा फाटका पडदा. पालीनं माझ्या कागदाच्या ताटात अंडी घातली. गोदूबाई तेवढी दसऱ्याला यायची, खुर्ची बाजूला करायची, मला पुसायची आणि म्हणायची, "ऱ्हाय माय. आपले दोघींचे दिवस असेच." कॉलेजात तिला आता पाणी भरायचं आणि घंटा वाजवायचं काम होतं.

मग नवं राज्य झालं. रायपूर राजधानी झालं. जिन्याखालच्या झरोक्यातून मला रस्ता दिसे. फटाके दिसले, कमानी दिसल्या, मग लाल दिव्याच्या गाड्या दिसू लागल्या. ज्या घरात काल पापड वाळत होते तिथं आज कार्यालयाची पाटी. मोठाले साहेब घर शोधत फिरत होते. गावाचं नशीब उघडलं, पण आमच्या कॉलेजचं झाकण बंद झालं. राज्य नवं, टेबलं नवी, कपाटं अजून ट्रकमधून उतरत होती, आणि आमच्या अनुदानाचा कागद कुठंतरी वाटेत राहून गेला. पगार थांबले. फोटोकॉपीवाल्यानं उधारीला हात जोडले. ग्रंथालयात नवी पुस्तकं येईनात.

मोठे बाबू विनायकराव रोज नवं पत्र लिहीत आणि रोज वाट पाहत. गोदूबाई त्यांना म्हणाली, "बाबूजी, शहर राजधानी झालं अन् आपलं कॉलेज फकीर झालं. असं कसं हो?"

"होईल हो गोदूबाई. कागद येईल," विनायकराव म्हणाले.

"कागद येईपर्यंत पोट्टे काय चाटतील?"

त्या दुपारी तिनं तीन पायांची खुर्ची फेकली. अंडी जपून झरोक्यात ठेवली, पालीची असली म्हणून काय झालं. मग मला रॉकेलनं धुतलं, शिवणयंत्राचं तेल पाजलं आणि हँडल फिरवलं. मी कुरकुरले. खरं सांगते, थोडी जास्तच कुरकुरले. इतक्या वर्षांनी बोलावलं म्हणून लगेच हसत उठायचं, असं माझ्या स्वभावात नाही.

आमच्या कॉलेजात संध्याकाळचा एक वर्ग होता. बी.ए.चा, अडतीस विद्यार्थ्यांचा. दिवसा पोटासाठी काम करणारी पोरं त्यात शिकत. कोणी सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात, कोणी कापडाच्या दुकानात. आणि त्या अडतिसात एक होती यामिनी, गोदूबाईची सून. समता कॉलनीत एका दवाखान्यात ती नावं लिहून घ्यायला बसे आणि पाच वाजता सुटून वर्गाला येई. तिला गोदूबाईनंच कॉलेजात घातलं होतं. लग्नात पाहुण्यांनी विचारलं, सुनेला काय घातलं? तर ही म्हणाली, "कॉलेजात घातलं." शेवटचं वर्ष होतं. एप्रिलात परीक्षा.

पण पुस्तकं कोणाकडेच नव्हती. अर्थशास्त्राच्या इंदू मॅडमनी ठरवलं, आपण स्वतः नोट्स लिहायच्या, स्टेन्सिल कापायच्या, आणि पोरांना वाटायच्या. त्यांच्या कपाटात जुन्या स्टेन्सिलचा एक डबा निघाला. शाई माझ्या खोलीत होती. नव्हता तो कोरा कागद. अडतीस पोरांना पुरेल इतका कागद आणायचा कुठून?

तेवढ्यात दुसरी बातमी आली. अनुदान पुन्हा सुरू करण्याआधी एक साहेब कॉलेज पाहायला येणार होते. जो खर्च टाळता येईल तो टाळा, असं वरचं म्हणणं होतं, आणि टाळायच्या यादीत पहिलं नाव संध्याकाळच्या वर्गाचं होतं. कोणीतरी वर कळवलं होतं की हा वर्ग नुसता कागदावर आहे. नावं आहेत, पोरं येत नाहीत, उगाच दिवे जळतात. साहेबांना तसं वाटलं तर वर्ग बंद. परीक्षेचे फॉर्म जाणार नाहीत. दिवसाच्या वर्गाला यामिनीला येता आलं नसतं. म्हणजे तीन वर्षं पाण्यात.

यामिनी घरी मराठी समजते पण उत्तर हिंदीत देते, रायपूरच्या सगळ्या पोरींसारखं. त्या दिवशी ती माझ्या खोलीत सासूपाशी येऊन म्हणाली, "मम्मी, छोड़ो ना. नहीं हुआ तो नहीं हुआ. घर में बैठ जाऊँगी."

गोदूबाई माझ्या ड्रमवरून फडकं फिरवत होती. मान वर न करता म्हणाली, "बस घरात. पन मंग माया समोर नको बसू. मले दिसशील तर रोज बोलन."

संक्रांत जवळ आली होती. मित्रांनो, इथल्या मराठी घरांत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. घरोघरी बायका जमतात, तिळगूळ होतो, आणि घरची बाई प्रत्येकीला एक वस्तू देते, तिला वाण म्हणतात. वाटी, चमचा, गाळणी, डबी. गोदूबाईला हे सगळं ठाऊक होतं, पण दाराबाहेरून. मारोती गेल्यापासून तिला कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. विधवा बाईला कुंकू लावत नाहीत, ही रीत. ती कधी तक्रार करत नसे. त्या दिवसांत ती मुद्दाम जास्त पाणी भरत बसे.

त्या वर्षी मात्र ती ब्राह्मणपाऱ्यातल्या मराठी घरांची दारं वाजवत निघाली. विनायकरावांच्या घरापासूनच सुरुवात केली. तिथून परत येऊन तिनं सगळं मला सांगितलं, नकला करून.

विनायकरावांच्या पत्नी रमाबाई. त्यांना ती म्हणाली, "बाईसाहेब, यंदा वाण काय आनलं?"

"गाळण्या आणल्या आहेत गं. स्टीलच्या."

"तुमच्या घरी गाळण्या किती?"

रमाबाईंनी मोजल्या. सात निघाल्या.

"अन् चहा गाळनारी?"

"मी एकटीच."

"तर मंग यंदा गाळनी नका लुटू. कागद लुटा. कोऱ्या कागदाचं एक एक बंडल आना अन् कॉलेजात या. हळदीकुंकू तिथंच करू."

"कागदाचं वाण? अगं, लोक काय म्हणतील! कोणी ऐकलंय का असं?"

"ऐकलं नाई म्हनून तं सांगून राहिली."

रमाबाई आधी हसल्या. मग त्यांनी शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं नाक मुरडत तिसरीला सांगितलं. आमचा पारा, म्हणजे मोहल्ला, असाच असतो, नाक मुरडत मुरडत गोष्ट सगळीकडे पोचते. रथसप्तमीच्या आधीच्या शनिवारी कॉलेजच्या मोठ्या खोलीत चाळीस-पन्नास बायका जमल्या. ठेवणीतली लुगडी, नथी, गजरे, आणि प्रत्येकीच्या काखेत कागदाचं बंडल. कोणी शंभर पानं आणली, कोणी पूर्ण पाचशे. एका म्हाताऱ्या बाईनं नातवाच्या वह्यांची कोरी पानं फाडून, सुईदोऱ्यानं बांधून आणली होती.

मला मधोमध टेबलावर ठेवलं होतं. गोदूबाई दाराशी उभी होती, हात मागे घेऊन. रमाबाई कुंकवाची कोयरी घेऊन तिच्याकडे गेल्या आणि सगळ्या बायका वळून पाहू लागल्या. गोदूबाई एक पाऊल मागे सरकली.

"नाई बाईसाहेब. मले नको. तिले लावा," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "ते सवाष्ण होय. तिचं हँडल शाबूत आहे."

खोली हसली. रमाबाई हसता हसता डोळे पुसत माझ्यापाशी आल्या. त्यांनी माझ्या कपाळावर, म्हणजे जिथं कारखान्याची पितळी पट्टी आहे तिथं, हळद लावली, कुंकू लावलं. मग त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी माझी ओटीही भरली. माझ्या कागदाच्या ताटात खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळभर तांदूळ घातले. एकीनं भरली म्हटल्यावर दुसरी कशी मागं राहील? तांदळाची रासच झाली. मित्रांनो, मी इतकी वर्षं त्या कॉलेजात काढली, पण माझी ओटी कोणी भरली नव्हती. मी लोखंडाची आहे म्हणून काय झालं.

सोमवारी छपाई सुरू झाली. गोदूबाईनं नारळ फोडून प्रसाद वाटला होता, तांदूळ काढून खिचडीला नेले होते. ताट पदरानं पुसलं होतं. पण एक दाणा कागद ओढणाऱ्या रबराच्या फटीत राहिला. एवढा पसारा आवरणारी बाई, आणि एक दाणा चुकला. तो दाणा कागदासोबत आत गेला आणि सहाव्या प्रकरणाच्या स्टेन्सिलला बरोबर मधे भोक पडलं. प्रत्येक पानावर चवलीच्या नाण्याएवढा काळा डाग उतरू लागला.

गोदूबाईनं तो पाहिला. पण तिला काय वाटलं सांगू? तिला वाटलं, लेकराला लावतात तशी तीट लागली. एवढं चांगलं काम, दृष्ट लागू नये म्हणून मशीननंच लावून घेतली. ती खूश झाली आणि चाळीसच्या चाळीस पानं काढून मोकळी झाली. अक्षरं वाचायचा तिचा सराव नव्हता. त्या डागाखाली काय गेलं, हे तिला कसं कळावं!

इंदू मॅडम आल्या, पान हातात घेतलं आणि खाली बसल्या. "गोदूबाई, अहो, नेमकी व्याख्या गेली. परीक्षेत दरवर्षी हीच विचारतात!"

गोदूबाईचा चेहरा उतरला. तिचा उतरलेला चेहरा मी एकदा ती मारोतीबद्दल बोलली तेव्हा पाहिला होता, त्यानंतर तेव्हाच. डब्यात आता एकच स्टेन्सिल होती आणि ती सातव्या प्रकरणाला हवी होती.

"कायची व्याख्या होती?" तिनं हळूच विचारलं.

"तुटीच्या अर्थसंकल्पाची. घाटे का बजट."

दारातून विनायकराव म्हणाले, "बरं झालं. कॉलेजची तूट तरी कोणीतरी झाकली."

गोदूबाईला हसू आलं नाही. मॅडमनी तिच्या काळ्या हातावर हात ठेवला. "राहू द्या. मी उद्या वर्गात तोंडी सांगते. पोरं काठावर लिहून घेतील."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मॅडमनी वर्गात व्याख्या सांगितली, आणि जी पोरं आली होती त्यांनी डागाशेजारी ती लिहून घेतली.

आणि त्याच आठवड्यात, शुक्रवारी, साहेब आले.

आले ते साडेपाचला. वर्ग सहाचा. साहेब नव्या राजधानीतले, घाईतले. त्यांनी वर्गात डोकावलं. बाक रिकामे. फळ्यावर सकाळच्या वर्गाची आकृती तशीच. त्यांनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं आणि विनायकरावांना विचारलं, "अड़तीस ना? कहाँ हैं?"

"येतील साहेब. सहाला. सिलतऱ्याची बस..."

"रजिस्टर?"

विनायकरावांनी हजेरीचं रजिस्टर पुढं केलं. साहेब म्हणाले, "बाबूजी, रजिस्टर तो घर बैठे भी भर सकते हैं."

विनायकरावांचा चेहरा पांढरा पडला. तीस वर्षांत त्यांनी एक खूण खोटी केली नव्हती. पण खरं आहे, हे दाखवायचं कसं? साहेब निघाले. व्हरांड्यातून जाताना माझ्या खोलीचं दार उघडं दिसलं. गोदूबाई दाराशी आली आणि सरळ आडवी उभी राहिली.

"साहेब, पानी घ्या."

"नहीं, चलता हूँ."

"घ्या. रायपूरच्या पान्याले नाई म्हनू नये. नवे आहात तुमी." आणि तिनं तांब्या-पेला त्यांच्या हातात दिला. पाणी गार होतं. साहेब प्याले, दुसरा पेला मागितला. गोदूबाईनं तो भरायला भरपूर वेळ घेतला. मग तिसऱ्यासाठी माठाकडे गेली. तिला माहीत होतं, बस फाटकाशी किती वाजता थांबते.

सहाला पाच कमी असताना पोरं येऊ लागली. कारखान्याची राख अजून कानावर, हातात डबा. दुकानातली दोघं सायकलवर. यामिनी चालत, भरभर. पाणी पिता पिता साहेबांनी एकाच्या हातातलं पान घेतलं. सहावं प्रकरण. मधे काळा डाग.

"ये क्या गंदगी है?"

"माही चूक आहे साहेब," गोदूबाई म्हणाली. "तांदूळ अडकला. पोट्ट्यांचं काई नाई त्यात."

साहेबांनी पान उजेडाकडे धरलं. डागाशेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. त्यांनी दुसऱ्याचं पान मागितलं. तिथंही डागाशेजारी लिहिलेलं, निळ्या शाईनं, तिरपं. तिसऱ्याचं पान, कोपऱ्यात डब्यातल्या भाजीचा तेलकट ठसा, आणि तेच वाक्य वेगळ्या हातानं. कोणी हिंदीत, कोणी मधेच एक मराठी शब्द घालून, कोणी चुकीच्या मात्रा देऊन.

"ये कहाँ से लिखा?"

"मैडम ने बताया सर. मंगल के दिन, क्लास में."

पुढच्या पोराच्या पानावर नुसता डाग होता. साहेबांनी विचारलं, "और तुमने?"

"उस दिन मेरी डबल ड्यूटी थी सर. नहीं आ पाया."

साहेब थांबले. त्यांनी पेला खाली ठेवला आणि विनायकरावांकडे हात केला. रजिस्टर उघडलं, मंगळवारचं पान काढलं, आणि खोलीच्या दारातच उभं राहून एकेकाचं नाव विचारून पान पाहू लागले. ज्याच्या डागाशेजारी वाक्य, त्याची मंगळवारी हजेरी. ज्याचा डाग एकटा, त्याच्यापुढे गैरहजेरी. एकदाही चुकलं नाही. विनायकराव ताठ होत गेले, जसं उन्हात पापडाचं होतं.

शेवटी यामिनीची पाळी आली. तिनं पान पुढं केलं नाही. साहेबांनी मागितलं तेव्हा हळूच दिलं. डाग एकटाच होता.

मित्रांनो, गोदूबाईला अक्षरं वाचायला वेळ लागे, पण कोरा काठ तिला दिसला. मंगळवारी यामिनी वर्ग करूनच आले म्हणत रात्री घरी आली होती.

"काहून कोरं आहे वं?" ती म्हणाली. साहेबांसमोर, सगळ्यांसमोर.

यामिनी खाली पाहत होती. "मम्मी... पिक्चर गई थी. सचिन की छुट्टी थी."

सचिन म्हणजे गोदूबाईचा मुलगा. पोरांत खसखस पिकली. गोदूबाईच्या नाकपुड्या फुगल्या. मला वाटलं, आता इथं ज्वालामुखी फुटतो. पण तिनं साहेबांकडे तोंड केलं आणि आवाज चढवून म्हणाली, "माही सून होय, साहेब. त्या दिवशी नव्हती. तुमच्या वहीत तसंच लिहा. घरच्यासाठी खोटं नाई चालत इथं."

साहेबांनी रजिस्टरात पाहिलं. यामिनीच्या नावापुढे गैरहजर. बाबूजींनी गोदूबाईच्या सुनेलाही सोडलं नव्हतं.

साहेब पहिल्यांदा हसले. त्यांनी आपली वही काढली, साडेपाचला लिहिलेली ओळ खोडली आणि खाली दुसरी लिहिली. मग त्यांनी सहाव्या प्रकरणाचं एक पान सोबत नेऊ का, असं विचारलं. गोदूबाईनं त्यांना दोन दिली.

वर्ग राहिला. अनुदान एकदम आलं नाही, थेंबाथेंबानं आलं. इंदू मॅडम बराच काळ अर्ध्या पगारावर होत्या, विनायकरावांनी एक खोली संध्याकाळी शिकवणीवाल्यांना भाड्यानं दिली, बागेतले आंबे कॉलेजनं स्वतः विकले. असंच हळूहळू घर सावरतं. पण फॉर्म वेळेवर गेले. अडतिसातल्या छत्तीस जणांनी परीक्षा दिली. तुटीच्या अर्थसंकल्पाची व्याख्या पेपरात आली नाही, यावरून मॅडमना पुढं वर्षभर सगळ्यांनी चिडवलं.

यामिनी तिसऱ्या वर्गात, म्हणजे थर्ड डिव्हिजननं, पास झाली. गोदूबाईनं पेढे असे वाटले, जशी ती विद्यापीठात पहिली आली. कोणी विचारलं, वर्ग कोणता? तर म्हणे, "संध्याकाळचा."

गोदूबाई पाच वर्षांनी निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी तिनं मला रॉकेलनं पुसलं आणि नव्या चपराशाला बजावलं, "हिले भजे खाऊन हात नको लावू." त्यानं मान हलवली. त्यानं मला हात एकदाही लावला नाही, भजे खाऊन किंवा न खाता. कॉलेजात आता संगणक आले, रंगीत पानं निघतात. मी पुन्हा जिन्याखाली आहे. रमाबाईंनी लावलेलं कुंकू पितळी पट्टीच्या अक्षरांत अजून थोडं अडकलं आहे. यंदा निरुपयोगी सामानाची यादी निघाली, तीत माझं नाव आहे असं ऐकते. असू दे. लोखंडाला वितळायची भीती नसते.

मी तुमच्याकडे स्वतःसाठी काही मागत नाही. मागते ते संध्याकाळच्या पोरांसाठी. संध्याकाळचा वर्ग अजून चालतो. उद्या तुमच्यातलेही काही साहेब होतील, बाबू होतील, यादीतून नावं खोडायला बसतील. पुन्हा कधी हात आखडता घ्यायची वेळ आली आणि तुम्ही असंच एखादं कॉलेज पाहायला गेलात, तर रिकामे बाक पाहून लगेच वही काढू नका, बाबांनो. पाणी प्या. दुसरा पेला मागा. सहा वाजेपर्यंत थांबा. बस यायची असते.